कपाळावरची माशी

नाकाच्या शेंड्यावरची गाठ कॅन्सरची निघाली. क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ती कापली आणि उघड्या जागेवर माझ्याच कपाळाचं कातडं खाली वळवून बसवलं. मांडीचं का नको, असं विचारलं तर म्हणाले, "शेजारचं कातडं रंगाला, जाडीला जुळतं." नाकाचं स्वतःचं रक्त सुरू होईपर्यंत, तीन आठवडे, कातड्याची एक पट्टी भुवईपासून नाकापर्यंत तशीच ठेवायची होती. दोन आठवड्यांत भागवा, म्हणून मी घासाघीस केली. "इथं सौदा होत नाही," डॉक्टर म्हणाले.

माझा धंदा बैलांच्या दलालीचा. कन्नडच्या बाजारातली लिंबाखालची जागा मी उपाशी राहून मिळवलेली. धाकट्या भावाला बोटं मीच शिकवली. उपरण्याखाली हात धरायचा, बोटांनी भाव सांगायचा, चेहरा हलू द्यायचा नाही. आता तोच माझ्या जागी बसून गिऱ्हाइकांना सांगत होता, "दादा काय आता बाजारात येत नसतात." हे कानावर आलं आणि पट्टी कापायच्या आधीच मी कन्नडची जीप धरली.

मला पाहून तो म्हणाला, "दादा, सोंड घेऊन कशाला आलात? बैलं बुजतील की."

लोक हसले. मी एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याचा हात उपरण्याखाली घेतला. जोडी उमदी होती. सौदा जमत आला आणि नव्या नाकावर माशी बसली. ते कातडं अजून कपाळाच्याच नसांवर चालत होतं, त्यामुळं वळवळ जाणवली ती कपाळावर. मोकळा हात आपसूक तिथं गेला.

शेतकऱ्यानं हात ओढून घेतला. "माझी जोडी पाहून कपाळाला हात लावता व्हय? नाय द्यायची तुम्हाला."

"माशी होती रे."

"माशी तर नाकावर हाय, दादा," भाऊ म्हणाला आणि त्यानं शेतकऱ्यापुढं स्वतःचं उपरणं धरलं.

त्याला सगळं ठाऊक होतं. दवाखान्यात नाकाला कापूस लावला की मी कपाळ चाचपायचो, ते पाहून हाच पोट धरून हसला होता.

नंतर पट्टी कापली. नाक झकास जमलंय, असं डॉक्टर म्हणतात. बाजाराच्या दिवशी मी समोरच्या टपरीवर बसतो. शेतकरी येतात, नाक निरखतात, "लई बेस झालं" म्हणतात आणि लिंबाखाली जाऊन धाकट्याच्या उपरण्यात हात घालतात.