लाल गव्हाची भाकरी

नीराबाई पावसाळ्यात धडधाकट असायची आणि नारळी पुनवेनंतर वाळत जायची. होड्या समुद्रात गेल्या की ती रेवसहून लाँचने मासळी घेऊन भाऊच्या धक्क्यावर जाई आणि दिवसभर पाव-चहावर राही. मग पोट फुगायचं, जुलाब लागायचे. बासष्ट साली बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या तेव्हा क्षयाची कुजबुज सुरू झाली. बाजारातली नेहमीची गिऱ्हाइकं शेजारच्या टोपलीकडे वळली. घरात मात्र सासूने, आवडाबाईने, तिचा कप वेगळा ठेवू दिला नाही.

पुढच्या पावसाळ्यात भात-मासळीवर ती सावरली आणि मुंबईच्या इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंना क्षयापेक्षा गव्हाचा संशय होता. पण गहू बंद असला की आतडं बरं होतं, तपासणीत काही दिसत नाही. म्हणून दिवाळीपर्यंत रोज गहू खायचा, मग नळी गिळून आतड्याचा कण काढून द्यायचा, असं ठरलं. नीराबाई कबूल झाली. आपल्याला क्षय नाही, हे तिला बाजारात उजळ माथ्याने सांगायचं होतं.

घरात चपाती कुणालाच येत नव्हती. आवडाबाईने रेशनचा लाल गहू दळून आणला आणि तांदळाच्या भाकरीसारखी भाकरी थापली. तांबूस, जाडसर. नीराबाई कालवणात बुडवून खात राहिली. पोट शांत. शेजारीण रंगू म्हणाली, देव पावला. नीराबाईला धसका बसला. गहू सोसत असेल, तर मग क्षयच.

एके दुपारी तिने कालवणात बुडवण्याआधी तुकडा मोडला. धक्क्यावरचा पाव ओढला की ताणायचा. हा चटकन तुटला. तिने वास घेतला.

"आये, यात गहू किती हाय?"

आवडाबाई चुलीतलं लाकूड सारत राहिली. "चिमूटभर. बाकी तांदूळ, रंगाला नाचणी घातली."

"का गो?"

"माज्या हातानं तुला ईख वाढू व्हय? सून हायस, उंदीर न्हायस."

"घरात तू मला ठेवशील. बाजारात कोन ठेवील? आजारी पडू दे मला, तवाच सुटेन."

दुसऱ्या दिवसापासून भाकरी खरी झाली. पोट पुन्हा फुगलं. आवडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन परसात उभी राही आणि डॉक्टरीणबाईंच्या नावाने बोटं मोडी. नीराबाईने एकही भाकरी टाकली नाही.

दिवाळीनंतर निकाल आला. क्षय नव्हता, गहूच बाधत होता. पाव, रवा, मैदा कायमचा बंद. आवडाबाईने भात चालेल का, बोंबील चालतील का, हे खोदून खोदून विचारलं.

"म्हंजे मी देत व्हते तेच औषद," ती म्हणाली.

खोट्या भाकरीची हकीकत ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. औषध बरोबर होतं, फक्त तपासणीआधी सुरू झालं होतं.

शिमग्याच्या सुमारास नीराबाई बाजारात आपल्या जागेवर परत बसली, शेजारी तांदळाच्या भाकरीचा डबा. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई समोर थबकल्या. नीराबाईने आजाराचं खरं काय ते सांगून टाकलं. त्या बाईंनी ऐकून घेतलं, पापलेटाचा कल्ला उघडून पाहिला आणि भावावरून घासाघीस सुरू केली.