विठोजींचा डावा कान

चामराजपेटेत भजन करणाऱ्या घरांना विठोजी ठाऊक नाहीत असं व्हायचं नाही. बाजाच्या पेटीचा सूर उतरला की ती यांच्याच दुकानात यायची. आतल्या पितळी पट्ट्या एकेक वाजवून बघायच्या, कानशीनं जराशा घासायच्या, परत वाजवायच्या. चष्मा लागला, गुडघे गेले, त्याचं त्यांना काही नाही. कान मात्र जपायचे. थंडीत मफलर, अंघोळीला कापूस. वडिलांचंही हेच काम. साठीनंतर त्यांचा आधी डावा कान गेला, मग उजवा, आणि दुकान बंद पडलं. ते यांनी डोळ्यांनी बघितलेलं.

घरात जुना स्टीरिओ. सगळे मोबाइलवर गाणी ऐकतात, पण यांना तोच लागतो. भिंतीला दोन बाजूंना दोन स्पीकर, समोर बरोबर मधोमध यांची खुर्ची. ती कुणी बोटभर सरकवायची नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी गाणं लावून बसले, तर डावीकडून आवाज कमी. तंबोरा जसा काही भिंतीपलीकडे जाऊन बसलेला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. दुसऱ्या कुणी उठून स्पीकरला थापट मारली असती. यांच्या मनात आलं, झालं, वडिलांसारखं आपलंही सुरू झालं.

उजवा कान झाकून बघितलं असतं तर तिथंच कळलं असतं. पण हात वर जाईना. खरं निघालं तर काय करायचं? रत्नाबाईंना, बायकोलासुद्धा, सांगितलं नाही. दुकानात आपल्याच कामाची शंका यायला लागली. एक पट्टी घासून घासून वाया घालवली. भजनमंडळीचे आप्पाजी मोठी पेटी घेऊन आले, उत्सवाला आठ दिवस राहिलेले, तर यांनी हात जोडले. काम फार आहे म्हणाले, दुसरीकडे न्या. आप्पाजींनी रिकाम्या दुकानावर नजर फिरवली आणि पेटी उचलून गेले.

अवरेकाळूचे, म्हणजे वालाच्या ओल्या शेंगांचे दिवस होते. रविवारी रत्नाबाईंनी बाजारातून पिशवीभर शेंगा आणल्या आणि स्वैपाकघराच्या दारात पसरल्या. यांना खाली बसवत नाही, म्हणून खुर्चीच ओढली आणि दाराकडे तोंड, स्पीकरकडे पाठ करून ठेवली. गाणं चालूच होतं, हे कुरकुरले.

"पाठीमागून पण गाणं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "सोला गप."

चार शेंगा सोलल्या असतील-नसतील, यांचा हात थांबला. डावीकडे आवाज भरून होता. कमी येत होता तो उजवीकडून. चेहराच उतरला.

"रत्ना, दुसरा पण गेला गं."

मग महिनाभर पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. रत्नाबाईंनी सोलता सोलता ऐकून घेतलं.

"मामंजी बहिरे झाले ते कुठंही बसले तरी बहिरेच होते," त्या म्हणाल्या. "तुमचा कान काय खुर्ची फिरवली की फिरतो होय?"

 विठोजींनी हळूच उजवा कान गच्च झाकला. डाव्यानं ताटात दाणे पडताना ऐकू आले, टप टप, आणि शेजारच्या घरातलं कुणाचं तरी पुटपुटणं. डोळे पुसले, आणि उठले. आता ते परत सूर लावणारे विठोजी.

स्टीरिओ बंद केला. डाव्या स्पीकरची वायर काढून उजव्याला लावली, उजव्याची डाव्याला. चालू केला तर आता उजवा स्पीकर बारीक. म्हणजे स्पीकर चांगले, खोट स्टीरिओच्या डब्यातच. आवाजाचं बटण फिरवलं, तर खरखर, आणि तंबोरा मोठा होतो, बारीक होतो. बटणात धूळ बसलेली, बाकी काही नाही. सोमवारी बटणं साफ करायचा फवारा आणला, वीज काढून आत मारला, वीस वेळा बटण इकडे-तिकडे फिरवलं, वायरी जिथल्या तिथं लावल्या. तंबोरा आपल्या जागेवर येऊन बसला.

गाणं पुरतं ऐकलंसुद्धा नाही. चपला घालून आप्पाजींच्या घरी गेले. पेटी कुणाला दिलीत, म्हणून विचारलं.

"कुणाला देणार, अण्णा? तुम्हाला बरं नसेल म्हणून ठेवून दिली."

"सरी, बरं झालं. आणा इकडे."

आप्पाजींनी पेटी पुढ्यात ठेवली. विठोजींनी भाता ओढला, बोटं फिरवली आणि झाकण उघडायच्या आधीच म्हणाले, "मधला गंधार उतरलाय. गुरुवारी घेऊन जा."