नमाजाच्या चटईवरचे थेंब

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून वहीत लिहिते: मुकाश.

गवत विकत घेण्याआधी गाव ह्यांना बोलवायचं. गंजीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर गवत ओढायचे, हुंगायचे आणि सांगायचे, "आत ओल धरलीय. घोडी गाभडेल." कधी चुकले नाहीत. नमाज मात्र सव्वीस वर्षं मी एकटीच पढले. "तू दोघांचं मागून ठेव, म्हातारे," म्हणायचे.

यंदा गवतकापणी उरकल्यावर उलाकच्या खेळात, दुसऱ्या स्वाराकडून मेल्या बोकडाचं धूड हिसकावताना, हे घोड्यावरून पडले. उजव्या कानातून रक्त आलं. तरी स्वतःच घोड्यावर बसून घरी आले; मग डॉक्टर कशाला, असं दोघांनाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे हातपाय धुऊन, वजू करून माझ्या शेजारी उभे राहिले. माझा विश्वासच बसेना. कपाळ टेकायला सजद्यात वाकले तेव्हा चटईवर टपटप थेंब पडले. पाण्यासारखे स्वच्छ. मला वाटलं, रडताहेत. अल्लाने दार उघडलं!

"नाक गळतंय गं," ते पुसत म्हणाले. "घशात खारट उतरतंय."

"लाजता कशाला? रडणाऱ्याला तो जवळ घेतो."

"रडतोय कोण?"

मी हसले. शेजारच्या बातमाला जाऊन सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "तुझा दगड पाझरला बाई!" मी ताजं लोणी घालून रोटी खाऊ घातली तिला.

नऊ दिवस थेंब पडत होते. नऊही दिवस मी आभार मानले. दहाव्या दिवशी ह्यांना ताप चढला, मान ताठ झाली, मला ओळखेनात.

नारिन शहरातल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नाकातून पाणी येत होतं का? वाकल्यावर?" मी म्हटलं, येत होतं. "ते मेंदूभोवतीचं पाणी, आपा. कवटीला चीर गेलीय. पहिल्याच दिवशी का नाही आणलंत?"



हे वाचले. उजवा कान गेला, वासही गेला. काल कोणीतरी गवत दाखवायला आणलं. ह्यांनी मूठ नाकाशी धरली, बराच वेळ धरली, आणि परत दिली.

तो माणूस गेल्यावर मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं. थेंब, माझा आनंद, बातमाची रोटी.

"आत काहीतरी फुटलंय, मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "वाकलं की डोक्यात घण पडायचे."

"मग वाकत का होतात?"

"सव्वीस वर्षांत तुझा असा चेहरा पाहिला नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी डोकं खाली न्यायला मनाई केलीय. हे आता खुर्चीत बसून नमाज पढतात. एकही वेळ चुकवत नाहीत. माझी दुआ कबूल झाली, आणि अशी झाली. दर नमाजानंतर मी त्यांच्या पायाशी वाकून चटईवरून तळवा फिरवते. कोरडी असते. तरी पुन्हा फिरवते.