बाकड्याला वजन हवं

व्हर्लिन टोस्ट्रुडने सत्तरीत गुडघा बदलून घेतला, डोंगराखालचं रँच विकलं आणि बायकोला घेऊन आमच्या शेजारच्या भाड्याच्या ट्रेलरघरात राहायला आला. काडतुसं भरायचं त्याचं दहा फुटी बाकडं जुन्या गोठ्यातच राहिलं. सोबत आली ती त्यावरची प्रेस, म्हणजे हातभर दांड्याचं एक ओतीव लोखंडी धूड. आठ दिवस ते जेवणाच्या टेबलावर पाहुण्यासारखं बसून होतं.

मॉन्टानात दुकानात काडतुसांना तोटा नाही, पण व्हर्लिनची बंदूक त्याच्या वडिलांची. तिच्या मापाचं काडतूस आता कुणी ठेवत नाही. रिकाम्या पुंगळ्या घरी भरायच्या, नाहीतर बंदूक भिंतीवर टांगायची. त्यात नात मारेन यंदा बारा वर्षांची झाली, शिकारीचा वर्ग पास झाली, आणि पहिल्या एल्कसाठी, म्हणजे सांबराहून मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी, आजोबाने तिला हीच बंदूक कबूल करून ठेवली. मोसम तीन आठवड्यांवर.

त्याच्या बायकोने, आर्डिसने, कपडे धुण्याच्या मशीनशेजारचा दोन फुटी कोपरा दिला.

"भिंतीला एक जरी भोक पाडलंस, तर घरमालक आपल्याला बाहेर काढेल आणि मी तुला," ती म्हणाली. "रविवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर ते धूड माझ्या भाच्याकडे जाईल."

"तुझा भाचा त्याने अक्रोड फोडेल!"

"फोडू दे. निदान टेबल रिकामं होईल."

करवत माझ्याकडे होती, म्हणून मला बोलावणं आलं. व्हर्लिनने मापं इतकी काटेकोर घेतली, की दांडा खाली आला तरी मशीनचं दार पूर्ण उघडावं. जाड फळी, चार ठेंगणे पाय, खाली एक मोकळा कप्पा. बंदुकीच्या दारूचे डबे मात्र झोपायच्या खोलीतल्या कपाटात, ड्रायरपासून लांब. यात तो देवाशीसुद्धा तडजोड करणार नाही.

शनिवारी दुपारी प्रेस बसली. व्हर्लिनने पहिली पुंगळी लावली, दांडा खाली ओढला, आणि शिंगराने लाथा झाडाव्यात तसे बाकड्याचे मागचे पाय उचलले गेले.

"फळी हलकी पडली," तो म्हणाला.

जुनं बाकडं गोठ्याच्या भिंतीला बोल्टांनी जखडलेलं होतं. चाळीस वर्षं जोर भिंत सोसत होती आणि शाबासकी हा घेत होता.

मी मागच्या कडेवर बसलो. बाकडं जागचं हललं नाही.

"झालं की!" व्हर्लिन खूश. "दर शनिवारी येशील ना, पोरा?"

"लग्न झाल्यावरही?"

"तुझं? मग काळजीच नाही."

मी उतरलो. त्याने पुन्हा ओढून पाहिलं. बाकडं पुन्हा उठलं. त्याने पुंगळी काढून हातात घेतली आणि मोसमाला उरलेले दिवस बोटांवर मोजले.

तेवढ्यात आर्डिस आली. तिच्या हातात बरण्यांचं खोकं होतं. उन्हाळ्यात तिने घातलेले पीच, बीट, लोणच्याच्या काकड्या. सगळं पलंगाखाली कोंबलेलं, आणि तिला रोज ठेच लागायची. "हे कुठे ठेवू, ते तरी सांगा," म्हणत तिने खोकं बाकड्याच्या खालच्या कप्प्यात टेकवलं आणि ड्रायरमधले कपडे काढायला वळली.

व्हर्लिनने सवयीने दांडा ओढला. बाकडं जरासं कुरकुरलं, पण उठलं नाही.

तिघेही कप्प्याकडे बघू लागलो.

"नाही," आर्डिस म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"तुझे कान बोलतायत. लाल झालेत."

"पलंगाखाली अजून किती खोकी आहेत गं?"

"तीन." ती टॉवेलांच्या घड्या घालू लागली. "आणि हिवाळ्यात बरण्या रिकाम्या होत गेल्या, की मग?"

व्हर्लिन इतका हिरमुसला, की मी पुन्हा कडेवर बसायच्या बेतात होतो.

"मग भरायच्या," आर्डिसच म्हणाली. "एल्कच्या मांसाने. ते तुझ्याकडे आणि पोरीकडे लागलं. माझ्या बरण्या फुकट राबणार नाहीत."

उरलेली तीन खोकी मी ओढून आणली. कप्पा असा गच्च भरला, की बाकड्याला आता घोड्यानेही हलवलं नसतं. रविवारी तिचे कपडे धुऊन झाले, मशीनची थरथर थांबली, तेव्हा व्हर्लिनने दारू तोलायचा काटा मांडला. तोलताना बोलायचं नाही हा त्याचा नियम, आणि त्या घरात तो पाळला गेलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. संध्याकाळपर्यंत वीस काडतुसं डब्यात उभी राहिली. डब्यावर त्याने मारेनचं नाव लिहिलं.

स्वयंपाकघरात आर्डिस सहा रिकाम्या बरण्या पुसत होती. झाकणांवर तिने चिठ्ठ्या आधीच चिकटवल्या होत्या: 'एल्क, मारेन'. खाली वर्षसुद्धा.

"अजून शिकार कुठे झालीय?" मी म्हणालो.

"झाकणं महाग असतात," ती म्हणाली. "पोरीला सांग, वाया घालवायची नाहीत."