दहाचा आकडा

"जुळत नाही," असं म्हणून काकू चष्मा कपाळावर सरकवायच्या. त्यांचा चष्मा वर गेला की समोरच्याची धडगत नसे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्याही शेजारी असं कुणी असेल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

फरीदाबादला आमच्या शेजारच्या घरात त्या एकट्या राहत. सगळी नोकरी दिल्लीत, एका सरकारी कार्यालयाच्या पेन्शन विभागात झालेली. म्हाताऱ्या माणसांचे हयातीचे दाखले तपासायचे, सही जुळली नाही की पेन्शन अडवायची. काकू निवृत्त झाल्या, त्यांचा संशय मात्र झाला नाही. मी पुरणपोळी नेऊन दिली तरी पहिला घास घेऊन विचारायच्या, "गूळच आहे ना? खरं सांग."

आमच्या घरांमागे अरवलीची काटेरी टेकाडं सुरू होतात. पाऊसपाणी सुरू झालं की साप घरात येत. बाकीचे किंचाळत सुटायचे, काकू मात्र फोन काढायच्या. साप कधी कूलरमागे, कधी चपलांच्या रॅकमध्ये, एकदा तर वॉशिंग मशीनच्या पाइपाला वेटोळं घालून बसलेला. फोटो मनासारखा आला, की मग मला हाक. "अगं ये, पाहुणे आलेत. दाराशीच थांब हं."

मला वाटे, काय हौस बाईला! पण तो हौसेचा मामला नव्हताच. काकू पुरावा गोळा करत होत्या.

साप पकडायला सुखबीर यायचा. मार्केटात एसी दुरुस्त करणारा, हरियाणवी, कमी बोलणारा. पिशवीत घालून साप टेकडीत सोडून येई. पण तो वळणापलीकडे जाऊन सापाला ठेचत असणार, अशी काकूंची खात्री. "छोड़ते टाइम का फोटो चाहिए. ज़िंदा," असं त्यांनी बजावलेलं. तो निमूट पाठवायचा. मग काकू आपला फोटो आणि त्याचा फोटो घेऊन बसायच्या, पट्टे आणि ठिपके ताडून बघायच्या. सापाकडूनही हयातीचा दाखला घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एकदा कोठीच्या खोलीत नाग निघाला. फणा काढून उभा, आणि काकूंचा फोटोही झकास. सुखबीरने त्याला नेलं, फोटो पाठवला. काकूंनी चष्मा वर केला.

"जुळत नाही. फण्यावरचा दहाचा आकडा कुठाय?"

नागाच्या फण्यावर दहाचा आकडा असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. सुखबीरला काय कळणार? दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याला फाटकातच धरलं. "दस का आकड़ा किधर है?"

"कौन सा आकड़ा, आंटीजी? भागता नाग फन थोड़े ही फैलाएगा."

"बिल्कुल! हर कोई यही बोलता है," काकू म्हणाल्या. सबबी ऐकण्यात त्यांची हयात गेली होती. चार शेजाऱ्यांदेखत त्यांनी सुनावलं, "मार डाला तूने. अब मत आना." सुखबीर लालबुंद झाला आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात काकूंच्या अंगणात धामण आली. बिनविषारी, घाबरलेली. सुखबीरला बोलवायला काकूंना आता तोंड राहिलं नव्हतं. समोरच्यांनी काठ्या आणल्या. काकू जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "मत मारो, ज़हरीला नहीं है!" काठ्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? त्यांनी सवयीने फोन वर केला आणि तसाच खाली घेतला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मग आमच्या बाथरूममध्ये नाग निघाला. मी सुखबीरला फोन लावला. तो आला, त्याने काकूंकडे न बघता नाग पिशवीत घातला. काकू पायात चपला सरकवून म्हणाल्या, "मैं भी चलूँगी." मीच गाडी काढली.

टेकडीवर सुखबीरने पिशवी मोकळी केली. नागाने क्षणभर फणा काढला, आकडा लख्ख दिसला. मग फणा मिटून तो गवतात शिरला. आकडा नाही, काही नाही. नुसती एक तपकिरी दोरी सरकत गेली.

"वो धामन मेरी वजह से मरी, बेटा," काकू म्हणाल्या. मला त्यांची इतकी कीव कधी आली नव्हती.

सुखबीर एवढंच म्हणाला, "आंटीजी, देख के चलो. काँटे हैं."

त्यानंतरच्या थंडीत काकू गेल्या. मला भेटायला आलेल्या त्यांच्या मुलाने आईबद्दल विचारलं, तेव्हा मी त्याला टेकडीवरून उतरतानाच्या काकू सांगितल्या. सुखबीरचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरलेल्या, आणि त्याला कळू नये म्हणून मराठीत मला कुजबुजणाऱ्या, "चांगला आहे गं. पण पुढच्या खेपेलाही मी येणार."