दोणीतला बिननावाचा

शकूवहिनीच्या हातात खराटा दिसला की आमच्या दिवेआगरातल्या कोंबड्यासुद्धा वाट बदलतात. मी तिचा शेजारी, वाडीला वाडी लागून, म्हणजे हे काही ऐकीव नाही. तिचा नवरा, आमचे हरेश्वरदादा, गेले. मागोमाग चक्रीवादळात पोफळी आडव्या झाल्या. बाई रडली, मग उठली, आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी चकचकीत केल्या. स्वच्छतेसाठी तिच्या घराचं नाव झालं. त्या नावावरच तिचं पोट चालतं.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यात एका पाहुणीने विहिरीकाठच्या दगडी दोणीत पाय बुडवले, "ई, किडे!" म्हणून किंचाळली आणि वर फोटो नेटवर टाकला, तेव्हा वहिनीचं डोकंच फिरलं. पंपाचं पाणी आधी या दोणीत पडतं, मग पाटाने झाडांना जातं. तळाच्या गाळात खरंच दोऱ्याच्या तुकड्यांसारखं पांढरट काहीतरी वळवळत होतं. वहिनीने गड्याला, गुणाजीला, सांगून टाकलं: उद्या दोण उपसायची, घासायची आणि ब्लीचिंग पावडर ओतायची.

नेमकी त्याच दिवशी शिवानी आली. ही पुण्याच्या कॉलेजात शिकवते आणि पाण्यातल्या कृमींचा अभ्यास करते. दिवाळीत राहायला आली होती तेव्हा दोणीतला चमचाभर गाळ मागून घेऊन गेली होती.

"काकू, दोण धुऊ नका," उद्याचा बेत ऐकताच ती म्हणाली. "हा गांडुळाच्या कुळातला आहे, पण गोड्या पाण्यातला. याचं वर्णन आजवर कुणी केलेलं दिसत नाही. बोर्लीपर्यंतची तळी धुंडाळली, दुसरीकडे कुठेच सापडला नाही. आम्हाला त्याला नाव ठेवायचंय."

"लोक मला नावं ठेवतायत, आनि तू त्याला नाव ठेवनार!" वहिनी कडाडली. "उद्या पाहुनं यायचं थांबलं तर ह्यो किडा मला जेवाया घालनार हाय?"

शिवानी वाद घालत बसली नाही. पडवीतल्या टेबलावर तिने सूक्ष्मदर्शक मांडला आणि काचेच्या छोट्या वाटीत एक किडा घेतला. "एकदा बघा. मग काय ते करा."

वहिनी एक डोळा मिटून वाकली ती वाकलेलीच राहिली. शेवटी मीच तिला जरा सरकायला लावलं आणि पाहिलं. काय सांगू! अंग काचेसारखं आरपार. आतून शेवाळाचा हिरवा कण हळूहळू सरकत होता. तोंडाशी दोन काळे ठिपके, ते डोळे. आणि अंगाच्या मध्यावर आणखी दोन.

"मधी डोळं कसं?" वहिनीने विचारलं.

"ते दुसरं डोकं. मागचा भाग वेगळा होतोय. एकाचे दोन होतात."

"मग आई कुठली नि पोर कुठलं?"

"तसं सांगता येत नाही, काकू. पुढचाही तोच, मागचाही तोच. कधीपासून असं चाललंय, कुणाला ठाऊक नाही."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दोणीत मी लहानपणापासून पाय धुतले, आणि मला तिथे कायम गाळच दिसला होता.

"वादळात माड गेलं, पोफळी गेल्या," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "तवा ह्यो हिथंच व्हता?"

"असणार."

शिवानीने स्पिरिटची बाटली काढली. नाव द्यायचं तर एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो, उद्या कुणाला शंका आली तर तोच काढून पाहतात, असं तिने समजावलं.

"म्हंजे मारायचा?" वहिनीने वाटीवर हात आडवा धरला. "थांब. आधी त्याचं दोन हुंदे."

आम्ही थांबलो. चहा गार झाला, चूल पेटायची राहिली. आळीपाळीने काचेत बघत होतो. उन्हं कलली तेव्हा मधला सांधा ताणला गेला, आणि मागचा सुटला. क्षणभर जागीच थबकला, मग आपल्या नव्या डोक्याने वाट काढत निघाला. वहिनीने तोंडावर पदर घेतला. तिचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

"पुढचा तू घे," ती शिवानीला म्हणाली.

मागच्याला वाटीत घेऊन ती अनवाणी दोणीपाशी गेली. पावडरची पिशवी तिथे काठावर ठेवलेली होती. तिने गुडघे टेकले, वाटी पाण्यात हळूच कलती केली आणि गुणाजीला हाक मारली.

"ती पिशवी घिऊन जा. पाहुन्यांना पाय धुवाया नळ हाय. ह्याला दुसरं घर न्हाय."