आत्ता हातात आहे ते

दवाखान्यातला कॉम्प्युटरवाला कुठलंही काम झटपट उरकायचा, म्हणून सगळे त्याला शॉर्टकट म्हणत. त्यालाही ते आवडायचं. एक्स-रे विभागात प्रत्येक पेशंटचं एक फोल्डर, आणि त्यात त्याचे एक्स-रे. काही एक्स-रे दोनदा साठवले गेले होते. ते जास्तीचे काढायला यानं कॉम्प्युटरला हुकूम देणारी छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. त्या हुकमांच्या भाषेत डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून एक आडवी रेघ, एवढ्याचा अर्थ 'आत्ता जे हातात आहे ते'. नाव लिहायला नको की गाव लिहायला नको.

पण पठ्ठ्यानं खोडायची ओळ एकेक एक्स-रे तपासणाऱ्या कंसाच्या बाहेर लिहिली. आत असताना हातात एक्स-रे होता, बाहेर आल्यावर पेशंटचं अख्खं फोल्डर. स्क्रिप्टला काय, तिनं निमूटपणे फोल्डरंच उडवली.

सकाळी एक्स-रे काढणाऱ्या मावशींनी यादी उघडली, तर ती रिकामी. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना कॉम्प्युटरची आधीच धास्ती. शॉर्टकटनंच शेजारी बसून शिकवलं होतं. "काल बंद करताना माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार," असं म्हणत त्यांनी सगळ्यांची माफी मागितली.

शॉर्टकटनं आपली स्क्रिप्ट उघडली आणि चूक लगेच दिसली. बोलायचं तेव्हाच, पण याची दातखीळ बसली. दुपारपर्यंत त्यानं बॅकअपमधून सगळं परत आणलं. मोठ्या डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली आणि ते मावशींना म्हणाले, "उद्यापासून तुम्ही नोंदणीच्या खिडकीवर बसा. इथं दुसरं कुणीतरी बघू."

मावशींनी मान हलवली. मग शॉर्टकटसाठी चहा घेऊन आल्या. "तू होतास म्हणून निभावलं रे." चोर तो चोर, वर शिरजोर, असं त्याला स्वतःबद्दल वाटलं. तरी त्यानं तो चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी मावशी सामान आवरत होत्या: ॲप्रन, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली. शॉर्टकट दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, तुम्ही काही दाबलं नव्हतं. माझ्या स्क्रिप्टनं उडवलं. डॉक्टरांना सांगून आलोय. उद्या तुम्ही इथंच बसायचं."

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या स्टुलावर बसल्या.

"तुला कधी कळलं?"

"सकाळीच."

मावशींनी चष्म्याचं घर परत खणात ठेवलं. खण हळूच लोटला.

"म्हणजे माझा चहा पिताना तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.